नापवाल्या बाई

आमच्या नापवाल्या बाईंनी उभ्या नोकरीत एकाही पेशंटला त्याचा हात किती वर गेला ते सांगितलं नाही. पेशंट विचारायचे. इंदूरचा माणूस विचारल्याशिवाय राहत नाही. दाढ काढली तरी ती किती लांब होती हे त्याला घरी जाऊन सांगायचं असतं. "मैडम, कितना आया?" असा प्रश्न आला की बाई चष्मा काढायच्या, पदराने पुसायच्या, परत चढवायच्या आणि म्हणायच्या, "कमीज पहन लीजिए." झालं उत्तर. चेहरा वाचू म्हटलं तर तिथे नुकत्याच पुसलेल्या पाटीएवढंही काही नसायचं.

नाप म्हणजे माप. हे नाव पेशंटांनी ठेवलेलं होतं आणि ते इतकं रुळलं होतं की केसपेपरच्या खिडकीवरचा माणूससुद्धा "ऊपर नापवाली मैडम के पास जाओ" असंच सांगायचा. रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात, वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत बाई बसायच्या. खोलीत एक टेबल, एक स्टूल, एक पलंग आणि भिंतीवर त्यांच्याच अक्षरातली पाटी: 'यहाँ कसरत की बात न करें.' विभागात सतत कसले ना कसले अभ्यास चालू असायचे, आखडलेल्या खांद्यांचे, झिजलेल्या गुडघ्यांचे, दबलेल्या नसांचे. त्या अभ्यासांतल्या पेशंटांचे सांधे किती हलतात ते मोजणं हे बाईंचं काम. हत्यार म्हणजे गोनिओमीटर. नाव भारदस्त आहे, पण कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडल्या की तो तयार होतो.

मी कऱ्हाडहून इंदूरला पदव्युत्तर पदवीसाठी आले तेव्हा माझा प्रबंध आखडलेल्या खांद्यावर होता. अर्ध्या पेशंटांना एक व्यायाम, अर्ध्यांना दुसरा, आणि कशाने हात जास्त वर जातो ते पाहायचं. कुणाला कुठला व्यायाम द्यायचा त्याच्या चिठ्ठ्या बंद पाकिटांत विभागप्रमुख सरांकडे होत्या. व्यायाम खालच्या हॉलमध्ये दुसरेच लोक करून घ्यायचे. वर मोजणाऱ्याला मात्र कोण कुठल्या गटातला आहे ते कळता कामा नये, कारण कळलं की हात आपोआप आपल्या आवडीच्या बाजूला झुकतो. पुस्तकात हे दोन ओळींत लिहिलेलं असतं. बाई ते सोवळ्यासारखं पाळायच्या.

पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "आपण उद्यापासून मोजमापास प्रारंभ करूया का?" बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"अगं, तू इतकं शुद्ध काय बोलून राहिली? पेशंट घाबरतील ना." मग मला समोर बसवून त्यांनी नियम सांगितले. "वो क्या है ना बेटा, नीचेची बात वर नाही आणायची. पेशंटला आकडा नाही सांगायचा. मला पण नाही सांगायचा. आणि तुझ्या चेहऱ्यावर तर बिलकुल नाही दिसायला पाहिजे."

बाईंचं घराणं बडा गणपतीजवळ तीन पिढ्यांपासूनचं. पणजोबा होळकरांच्या कचेरीत कारकून म्हणून आले होते, ते राहिलेच. त्यामुळे बाईंचं मराठी म्हणजे व्याकरण आमचं आणि बाकी माल माळव्याचा. मला ते सुरुवातीला फार खटकायचं. सहा महिन्यांनी मी घरी फोनवर आईला "भाजी पक्की झाली का" असं विचारलं, तेव्हा खटकणं थांबलं.

मोजायची पद्धत अशी होती. पेशंट बसला की बाई डाव्या हाताने त्याचं पाठीतलं खांद्याचं पातं घट्ट धरायच्या आणि उजव्या हाताने गोनिओमीटर लावायच्या. आकड्यांची बाजू माझ्याकडे आणि कोरी बाजू त्यांच्याकडे. मी आकडा वाचायचा, न बोलता लिहायचा आणि पान उलटायचं. पातं का धरायचं, तर आखडलेल्या खांद्याचा माणूस हात वर करताना पातंच वर सरकवतो आणि हात गेला असं समजतो. "खांदा बिचारा सीधासादा असतो," बाई म्हणायच्या, "चोर पाठ असते. ती माझ्या बोटांखाली हलली की मला कळतं, इथे खांदा संपला आणि चोरी सुरू झाली." ती जागा त्यांच्या बोटांना कळायची. आम्हाला पुस्तकात तिची आकृती होती.

पेशंट मुद्दाम फसवतात असं त्यांना वाटत नसे. "माणूस आपल्याला बरं वाटावं म्हणून हात वर करतो गं," त्या म्हणायच्या. "तू सकाळपासून बसलेली, तो दहा किलोमीटर स्कूटरवर आलेला, त्याला वाटतं की मैडमला खाली हाथ कसं पाठवायचं. म्हणून आकडा सांगायचा नाही. सांगितला की पुढच्या वेळी तो हात नाही उचलत, आकडा उचलतो."

व्यायामाचा विषय सोडून पेशंटांनी काहीही बोलावं, बाईंची ना नसे. त्याचा परिणाम असा झाला की इंदूरमधली लग्नं, वाटण्या आणि कुठल्या कढईत कालचं तेल आहे हे सगळं त्या खोलीत कळायचं, फक्त खांद्याबद्दल काही कळायचं नाही. एका शेववाल्याचा उजवा खांदा आखडला होता. तो एकदा हात वर करता करता म्हणाला, "दीदी, वो नीचे डंडे वाली कसरत में तो..." बाईंनी गोनिओमीटर टेबलावर ठेवला, हात धुतले आणि सरांना चिठ्ठी पाठवली की या पेशंटला यापुढे दुसऱ्या कुणी मोजावं, मला त्याचा गट कळला आहे. शेववाल्याला वाटलं की आपण काही वंगाळ बोललो. दुसऱ्या दिवशी तो माफी म्हणून अर्धा किलो लसूण शेव घेऊन आला. बाईंनी ती घेतली, विभागात वाटली, पण त्याच्या खांद्याला शेवटपर्यंत हात लावला नाही.

आमच्या तक्त्यात 'अन्य उपचार' असा एक रकाना होता. पेशंट घरी मालिश करतो का, कुणाची औषधं घेतो का, ते तिथे लिहायचं. एका आजींनी सांगितलं की मी खजरान्याच्या गणपतीच्या मागच्या भिंतीवर उलटं साथिया काढून आले आहे, खांदा मोकळा झाला की सीधा काढीन. साथिया म्हणजे स्वस्तिक. मी हसून पुढे जाणार तोच बाई म्हणाल्या, "लिही."

"काय लिहू?"

"खजराना. एक वेळ. बुधवार."

"बाई, हे उपचारात येतं?"

"येतं की नाही ते आपण कोण ठरवणार? तिने केलं ना? मग लिही."

माझ्या प्रबंधाच्या तक्त्यात ती नोंद आहे. परीक्षकांनी तिच्याबद्दल काही विचारलं नाही.

आता सक्सेनाजींबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच घडलं. सक्सेनाजी आमच्या रेकॉर्ड रूमचे क्लार्क. लहानपणी जांभळाच्या झाडावरून पडून त्यांचा उजवा खांदा मोडला आणि छावणीतल्या कुणा पहिलवानाने तो बसवला, तो कायमचाच बसला. सांधा असा जखडला होता की त्यात सुधारायला किंवा बिघडायला काही उरलंच नव्हतं. आमच्या लेखी तो टाकाऊ खांदा. बाईंच्या लेखी सोनं. दुकानदार तराजू तपासायला जसं एक खात्रीचं वजन बाजूला ठेवतो, तसा बाईंनी स्वतःचा हात तपासायला सक्सेनाजींचा खांदा ठेवला होता. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सक्सेनाजी वर यायचे, सदरा काढायचे, बाई मोजायच्या आणि जो कुणी लिहायला असेल तो एका वेगळ्या वहीत आकडा लिहायचा. दर तीन महिन्यांनी बाई ती वही उघडायच्या. तेवीस वर्षांची वही होती. कुठे सदुसष्ट, कुठे एकोणसत्तर, आणि बाकी सगळीकडे अडुसष्ट.

सक्सेनाजीसुद्धा तेवीस वर्षं दर वेळी विचारायचे, "मैडम, कितना आया?" बाई चष्मा पुसायच्या. "सदरा पहन लीजिए, सक्सेनाजी." स्वतःच्या खांद्याचा आकडा ठाऊक नसलेला तो एकमेव रेकॉर्ड क्लार्क असावा.

दिवाळीच्या सुमारास माझे पेशंट भराभर सुधारायला लागले. मी रोज संध्याकाळी खोलीवर जाऊन आकडे पाहायची आणि मला माझा प्रबंध दिसायचा, छापलेला, काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरं. मे महिन्यात तो दिला की जूनमध्ये कऱ्हाडच्या कॉलेजात शिकवायची नोकरी माझी वाट पाहत होती. बाबांनी तिथल्या लोकांना "जूनमध्ये येतेच" असं सांगून ठेवलं होतं. घरात माझ्यासाठी माळ्यावरचं कपाट खाली काढलं होतं.

त्याच दिवसांत बाई बोलता बोलता हात झटकायला लागल्या. थर्मामीटर झटकावा तसा मनगटातून. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरायच्या. साडीची पिन लावायला मला सांगायच्या, "माझ्याकडून नाही लागून राहिली." आता, अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना मुंग्या येऊन हात झटकणारी बाई म्हणजे मनगटात दबलेली नस, हे आमच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांनाही झोपेतून उठवून विचारलं तर सांगता येतं. विभागात आम्ही अकरा जण होतो. त्यांतल्या चौघांचे शोधनिबंध त्याच विषयावर होते. सगळे बाईंच्या समोर बसून चहा प्यायचो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका प्रकाशमान असतो हे मला तेव्हा कळलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी मी सक्सेनाजींच्या वहीत एकाहत्तर लिहिलं. नोव्हेंबरमध्ये चौऱ्याहत्तर. डिसेंबरमध्ये गोनिओमीटरवर एकोणऐंशी दिसलं आणि माझं पेन थांबलं. मी मागचं पान पाहिलं. सक्सेनाजी सदऱ्याची बटणं लावत होते. बाई हात झटकत होत्या. मला काहीच कळलं नाही असं मी म्हणू शकले असते आणि इतकी वर्षं स्वतःला तसं सांगायचा प्रयत्नही केला आहे. पण मला कळलं होतं. सक्सेनाजींचा खांदा सुधारू शकत नाही, म्हणजे बाईंच्या बोटांना पातं सरकलेलं कळत नाही, म्हणजे दिवाळीपासून माझे पेशंट जे सुधारत आहेत ते सुधारत नाहीत. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं, पाठोपाठ माळ्यावरून खाली काढलेलं कपाट गेलं. मी खोटं काही लिहिलं नाही. एकोणऐंशी लिहिलं आणि पान उलटलं.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी बाईंनी वही उघडली.

त्यांनी तीन आकड्यांवरून बोट फिरवलं, परत फिरवलं. मग म्हणाल्या, "एक तर सक्सेनाजींचा खांदा सुधारला, नाही तर माझा हात बिघडला. दोघांत एकच होऊ शकतं." बाईंनी टेबलावरची पेपर-क्लिप उचलली, ती दोनदा हातातून पडली, तिसऱ्यांदा त्यांनी ती सरळ करून वाकवली आणि दोन टोकं शेजारी शेजारी आणून माझ्या हातात दिली. ही साधी परीक्षा असते. माणसाने डोळे मिटायचे. आपण त्याच्या बोटाच्या टोकाला कधी एक टोक टेकवायचं, कधी दोन्ही, आणि त्याने एक की दोन ते सांगायचं. धड बोटाला ते लगेच कळतं.

बाईंनी डोळे मिटले. मी दोन्ही टोकं टेकवली.

"एक," बाई म्हणाल्या.

मी परत दोन्ही टेकवली.

"एक."

तिसऱ्यांदा उत्तर देण्याआधीच त्यांनी डोळे उघडले, तर क्लिपची दोन्ही टोकं त्यांच्या बोटावरच होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग दुसरा हात पुढे केला. तोही तसाच.

"लिहिताना तुला काही वाटलं नाही?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, नेहमीसारखंच विचारलं.

"वाटलं."

"मग?"

"मला वाटलं, सुधारले असतील."

"तेवीस वर्षांनी? बिना कसरतीचे?" बाईंनी वही मिटली. "चल, सदरा घालायला सांग त्यांना. थंडीत बसून राहिलेत."

त्याच दुपारी त्यांनी सरांना पत्र दिलं: ऑक्टोबरपासूनची माझी सर्व मापं रद्द करावीत, माझ्या बोटांची संवेदना गेलेली आहे. सर भले माणूस. त्यांनी मला आणि बाईंना बोलावून चहा मागवला आणि समजावून सांगितलं, "ताई, आपल्याला दोन गटांतला फरक पाहायचा आहे. तुमच्या हाताने चूक झाली असेल तर ती दोन्ही गटांत सारखीच झाली असेल ना? मग फरक तर तोच राहील." ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. मी मनात सरांना नमस्कार केला.

बाई म्हणाल्या, "सारखी झाली हे कुणी मोजलं, सर?"

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांनी पत्रावर सही केली.

माझं वर्ष गेलं. कऱ्हाडची नोकरी माझ्याच वर्गातल्या एकीला मिळाली. बाबा फोनवर म्हणाले, "त्या बाईंना रिटायर होईपर्यंत थांबता आलं नाही का?" मी बाईंशी आठ दिवस बोलले नाही. राग कशाचा होता ते मला नीट सांगता येणार नाही. चूक त्यांनी पकडली म्हणून होता, की मी पकडून सोडून दिली हे त्यांना ठाऊक होतं म्हणून. आठ दिवस बाई रोज माझ्या टेबलावर कागदात बांधलेले पोहे ठेवायच्या, वरून शेव आणि जीरावन मसाला वेगळ्या पुडीत. नवव्या दिवशी मी खाल्ले. तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, "आधीच्या आठ दिवसांचे कुठे गेले?" ते शिपाई खात होता.

ते पत्र मला पुढे प्रबंधाला जोडावं लागलं, तेव्हा पूर्ण वाचलं. त्यात सक्सेनाजींची वही होती, तीन आकडे होते, बाईंचे दोन्ही हात होते. माझं नाव कुठेच नव्हतं. 'मापे घेणाऱ्या व्यक्तीकडून वही वेळेत पाहिली गेली नाही,' असं त्यांनी लिहिलं होतं. मला ते वाचवेना. मी प्रबंधात खाली एक ओळ घातली की आकडे लिहिणाऱ्याच्या हा बदल आधीच लक्षात आला होता आणि त्याने तो कळवला नाही. सर म्हणाले, याची काही गरज नाही. बाईंनी ओळ वाचली आणि म्हणाल्या, "राहू द्या. हे पण मापच आहे." ती ओळ राहिली. प्रबंधाचा निष्कर्ष सांगायचा तर नव्याने, दुसऱ्या मोजणाऱ्याकडून सगळं मोजून घेतल्यावर असं सिद्ध झालं की दोन्ही व्यायामांत काही फरक नाही.

कऱ्हाडला जायचं कारण संपलं होतं, म्हणून मी इंदुरातच त्या विभागात नोकरीला लागले. बाईंची निवृत्ती जवळ आली होती. सरांचा एक मोठा अभ्यास सुरू व्हायचा होता आणि त्यांनी बाईंना सांगून ठेवलं होतं की ऑपरेशन करून घ्या, बोटं परत आली तर आणखी दोन वर्षं तुम्हीच मोजा. बाईंनी ते मनावर घेतलं. बडा गणपतीला त्यांच्या घरी गेले तर त्या टेबलावर मूग, मटकी आणि राजगिरा वाटीत एकत्र करून, डोळे मिटून वेगळे करत बसलेल्या असायच्या. "काय बाई, सराव?" म्हटलं की म्हणायच्या, "मग काय, मोजायचं सोडून मी काय करू? लग्नांत आहेर लिहायला बसू?" बाई एकट्या. भाचा बेंगळुरूला. त्यांना ती खोली हवी होती, तो स्टूल हवा होता, आणि त्यांनी हे असं एकदाच आणि तेही आहेराच्या नावाने सांगितलं.

नस दोन्ही मनगटांत दबलेली होती. मी महिनाभर कऱ्हाडला रजेवर असताना बाईंनी दुसऱ्या एका रुग्णालयात एका हाताचं ऑपरेशन करून घेतलं. कुठल्या हाताचं, ते मला सांगितलं नाही. मी परत येऊन विचारलं तर म्हणाल्या, "तपासणार कोण आहे? तूच ना? मग तुला कशाला सांगू?" चार महिन्यांनी तपासायचं ठरलं. आदल्या बुधवारी मी खजरान्याला गेले आणि मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढून आले. आल्यावर बाईंच्या केसपेपरवर 'अन्य उपचार' या रकान्यात तशी नोंद केली. खजराना, एक वेळ. करणारा: तपासनीस.

त्या दिवशी बाई स्कूटरवरून आल्या. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, आणि हातांत उन्हासाठी बायका घालतात तसले कोपरापर्यंतचे सुती हातमोजे, बोटं उघडी असलेले. ओढणी काढली. हातमोजे काढले नाहीत. तळहातावरचा व्रण मला दिसू नये म्हणून ही व्यवस्था होती. एक कधी आणि दोन कधी टेकवायचं त्याचा क्रमही त्यांनी घरून चिठ्ठ्या टाकून ठरवून, पाकीट चिकटवून आणला होता. चिठ्ठ्या उचलून क्रम लिहिणं आणि पाकीट चिकटवणं दोन्ही त्यांच्या शेजारणीने केलं होतं, कारण बाईंनी तो क्रम पाहिलेला चालला नसता.

"मुंग्या गेल्या," त्या बसता बसता म्हणाल्या. "झोप पण पक्की येते आता." मग त्यांनी स्वतःच कान पकडला. "सॉरी. हे नव्हतं सांगायचं."

त्यांनी डोळे मिटले आणि हात पुढे केले. मी पाकीट फोडलं. कागदावर पहिलं होतं दोन. मी त्यांच्या उजव्या तर्जनीला दोन्ही टोकं टेकवली.

"एक," बाई म्हणाल्या.

पुढचं एक होतं. "एक." पुढचं दोन. "एक." पुढचं दोन. "एक." डाव्या हाताला मधे दोनदा "दोन" आलं. त्यांतलं एक बरोबर होतं. बाई प्रत्येक उत्तर इतक्या ठामपणे देत होत्या, जितक्या ठामपणे त्या आयुष्यभर मोजत आल्या होत्या, आणि मी प्रत्येक उत्तर लिहीत होते. मधेच वाटलं, एखादं बदललं तर? दोन-तीन उत्तरांचा प्रश्न होता. माझ्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं. बाईंचे डोळे मिटलेले होते. मी एकही उत्तर बदललं नाही. शेवटचं उत्तर लिहिलं, कागद पाकिटात घातला आणि पाकीट चिकटवलं.

बाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मग ज्या बाईंनी उभ्या जन्मात कुणाला आकडा सांगितला नाही, त्या एखाद्या पेशंटसारख्या पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "किती आलं गं?"

मी चष्मा काढला. पदर नव्हता, म्हणून ओढणीने पुसला. परत चढवला.

"बाई, ओढणी बांधा. ऊन आहे बाहेर."

 बाईंनी मान हलवली. "बरोबर," म्हणाल्या. "नाहीच सांगायचं." उठल्या, ओढणी बांधली, कपाटातून सक्सेनाजींची वही काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि जिना उतरल्या. मी खिडकीतून त्यांची स्कूटर फाटकाबाहेर जाईपर्यंत पाहिलं. मग खाली जाऊन चहाच्या टपरीमागे उभी राहून पोटभर रडले. टपरीवाल्याने चहात आलं जास्त घातलं.

बाई आता घरीच असतात. त्यांना त्या पाकिटातला निकाल सरांनी रीतसर कळवला. मी कधी सांगितला नाही, त्यांनी परत विचारला नाही. मी रविवारी जाते, आम्ही चहा पितो, त्या माझ्या मराठीला नावं ठेवतात, कारण ते आता त्यांच्याइतकंच बिघडलं आहे. खजरान्याच्या भिंतीवरचं माझं स्वस्तिक अजून उलटंच आहे.

सक्सेनाजी निवृत्त झाले, तरी महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिना चढून वर येतात. मागच्या सोमवारी आले, सदरा काढला, स्टुलावर बसले. मी डाव्या हाताने पातं धरलं, चोरी जिथे सुरू होते तिथवर गेले आणि गोनिओमीटर लावला. आकडा माझ्यासमोर नव्हता, लिहिणाऱ्या विद्यार्थिनीसमोर होता.

"कितना आया, मैडम?" सक्सेनाजींनी विचारलं.

"सदरा पहन लीजिए, सक्सेनाजी."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, मग समाधानाने बाहीत हात घातला. "ठीक है," म्हणाले. "वो भी नहीं बताती थीं."